घाट चढणारं कालव

नाशिकहून समुद्राकडे उतरायला दोन वाटा आहेत. रूढ वाट कसारा घाटाची. नाशिकच्या बाजारात दिसणारे पापलेट, सुरमई, बोंबील मुंबईहून बर्फात दबून याच वाटेने वर येतात. दुसरी वाट त्र्यंबकेश्वरवरून मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर अशी उतरत केळव्याच्या किनाऱ्याला लागते. अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात. सरळ रेषेत मोजलं तर सव्वाशेच्याही आत. हिच्यावर माझा जीव आहे तो निसर्गशोभेसाठी कमी आणि एका खाद्यवस्तूसाठी जास्त. ती वस्तू म्हणजे कालव. घाटावरच्या घरात कालवं शिजवायची तर ती सोललेल्या गोळ्यांच्या पिशवीतून आणू नयेत, जिवंत आणि बंद शिंपल्यात आणावीत. आणि खाताना कच्ची खाऊ नयेत, नीट शिजवूनच खावीत, असं माझं म्हणणं आहे. यातला पहिला भाग किनाऱ्यावरच्या माणसाला खटकेल, दुसरा भाग वाइनच्या पेल्याबरोबर कच्ची कालवं मागवणाऱ्याला. दोघांच्या आक्षेपांत तथ्य आहे, म्हणून हा रस्ता टप्प्याटप्प्याने तपासत जाऊ.

पहिला टप्पा त्र्यंबकचा. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेकडे वळते आणि सगळं द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते, हे नाशिककराला शाळेपासून पाठ असतं. याच डोंगरांच्या परिसरात वैतरणाही उगवते आणि ती पश्चिमेला जाते, याची आठवण मात्र क्वचितच कोणाला असते. इगतपुरी तालुक्यातलं अप्पर वैतरणा धरण मुंबईची तहान भागवतं. त्यातून सुटलेलं आणि खालच्या धरणांनी न अडवलेलं पावसाळी पाणी पालघर जिल्ह्यातून वाहत केळव्याच्या दक्षिणेला, दातिवऱ्याजवळ, अरबी समुद्रात शिरतं. कालवाचं सगळं आयुष्य या गोड्या-खाऱ्या पाण्याच्या देवघेवीवर चालतं. त्याला निव्वळ खारं पाणी नको, निव्वळ गोडंही नको. खाडीच्या मचूळ पाण्यात ते पोसतं. नाशिकच्या डोंगरावर कोसळलेला पाऊस या किनाऱ्याच्या खाड्या दरवर्षी गोडावतो. त्यामुळे कालव हा नाशिकशी काहीच संबंध नसलेला परका जिन्नस आहे, हे भूगोलाच्या दृष्टीने तरी खरं नाही.

इतिहासही याच बाजूने बोलतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात त्याने केलेल्या दानांची यादी येते. शूर्पारक म्हणजे सोपारा तिच्यात आहे. ज्या नद्यांवर त्याने फुकट तरी चालवल्या त्यांत दमण आणि डहाणुका आहेत. नारळाच्या बत्तीस हजार झाडांचं दानही आहे. डोंगरातल्या लेण्यात किनाऱ्यावरच्या नद्या आणि नारळीच्या बागा कोरल्या जातात, याचा अर्थ घाटाखालचं जग तेव्हा रोजच्या व्यवहाराचा भाग होतं. यावर कोणी म्हणेल की नाशिक हे क्षेत्र आहे, रामकुंडाच्या गावात कालवांची चर्चा कशाला? ज्यांना खायची नाहीत त्यांनी खाऊ नयेत, त्यावर वाद नाही. पण याच शहरात मासळीबाजार भरतो आणि हजारो घरांत मासे शिजतात. प्रश्न खावं की न खावं हा नाही. जे लांबून येतं ते कोणत्या स्थितीत यावं, एवढाच आहे.

त्र्यंबक मागे पडलं की घाट सुरू होतो आणि हवा बदलत जाते. मोखाड्याच्या उतारांवर नाचणी-वरईची शेतं, मग जव्हारचं पठार, जिथे मुकणे घराण्याचं कोळी संस्थान होतं, आणि विक्रमगड सोडल्यावर कोकणाची दमट ऊब. या उताराचा उलटा प्रवास डोळ्यांसमोर आणला की समुद्राचा जिन्नस वर नेण्यातली अडचण कळते. मासा पाण्याबाहेर काढताच मरतो आणि त्या क्षणापासून त्याचं घड्याळ उलटं फिरू लागतं. बर्फ ते घड्याळ सावकाश करतो, थांबवत नाही. कालवाचं तसं नाही. ओहोटीला पाणी सरलं की ते रोज काही तास उघड्या हवेत काढतं. तेवढ्या वेळासाठी ते दोन्ही शिंपले घट्ट मिटतं, आत खाडीचं थोडं पाणी कोंडून घेतं आणि शरीराचा खर्च कमीत कमी करतं. घाटाचा प्रवास त्याच्या लेखी एक लांबलेली ओहोटी आहे. ओलं गोणपाट आणि गारवा मिळाला तर ते केळव्याहून नाशिकला जिवंत पोहोचतं, आणि शेवटच्या क्षणापर्यंत जिवंत असलेला जिन्नस शिजवणाऱ्याला मिळणं हे समुद्रापासून इतक्या लांब दुर्मीळ आहे. पापलेटला हे कधीच जमणार नाही.

केळवे हे गाव पर्यटकांना सुरूच्या बनासाठी, शीतलादेवीच्या देवळासाठी आणि पाण्यातल्या किल्ल्यासाठी माहीत असतं. जुन्या लोकांना केळवे-माहीमच्या विड्याच्या पानांसाठी. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र ते कालवांसाठी माहीत आहे. मुंबईच्या खडकांवरच्या कालवावर अवटी आणि राय यांनी १९३१ साली सविस्तर प्रबंध लिहिला. पुढे १९६०च्या सुमारास दुर्वे आणि बाळ यांनी केळव्याच्या खाडीतल्या कालवांचा अभ्यास केला: त्यांचं प्रजनन कधी होतं, पिल्लं कधी रुजतात, मांसाची घडण ऋतूप्रमाणे कशी बदलते. म्हणजे महाराष्ट्रात कालवांबद्दल काही ठाम बोलायचं तर ज्या मोजक्या जागांचा आधार घेता येतो, त्यांतली एक नाशिकपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. या किनाऱ्यावर दोन तऱ्हेची कालवं भेटतात. खडकाला सिमेंटने चिकटवल्यासारखं बसलेलं लहान कालव, आणि खाडीच्या चिखलात गठ्ठ्यांनी वाढणारं मोठं, लांबट कालव. माझ्या पुढच्या सगळ्या युक्तिवादाला हा फरक महत्त्वाचा आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही खोल जाते, जास्त खडक उघडे पडतात, आणि किनाऱ्यावरच्या बाया टोकदार लोखंडी हत्यार घेऊन कालवं काढायला उतरतात. खडकावरचं कालव त्या जागेवरच फोडतात: वरचा शिंपला उचकटायचा, आतला गोळा भांड्यात टाकायचा, खालचा शिंपला खडकालाच राहू द्यायचा. बाजारात मग या गोळ्यांचा वाटा लावून विकतात. पहिला आक्षेप इथे उभा राहतो. पिढ्यान्‌पिढ्या कालवं खाणारे लोक ती सोलूनच विकतात आणि विकत घेतात, तर घाटावरच्या माणसाने शहाणपणा का शिकवावा? मी तो शिकवत नाही. त्यांची पद्धत त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे. खडकाला चिकटलेलं कालव अख्खं निघतच नाही; काढायला गेलं तर फुटतं. मागे राहिलेल्या शिंपल्यावर नवी पिल्लं रुजू शकतात, हाही त्या पद्धतीचा फायदा. आणि सकाळी काढलेलं कालव दुपारच्या आत चुलीवर जात असेल, तर शिंपल्याचं संरक्षण त्याला लागतच नाही. पण हा हिशेब काही तासांचा आहे. तोच गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत, बर्फाच्या वितळत्या पाण्यात, दीडशे किलोमीटर वर नेला की त्याचं स्वतःचं खारं पाणी निघून जातं, गोडं पाणी आत शिरतं, आणि कोणता गोळा सकाळचा, कोणता कालचा हे ओळखायची खूणच उरत नाही. बंद शिंपल्यात ती खूण शाबूत असते. उघडलेल्या शिंपल्यावर टिचकी मारावी; मिटला तर कालव जिवंत, नाही मिटला तर टाकून द्यायचं. इतकी सोपी, कोणालाही करता येणारी परीक्षा दुसऱ्या कोणत्या मासळीत आहे?

दुसरा आक्षेप वजनाचा, आणि तो खरा आहे. शिंपल्यासकट कालवाच्या वजनात खायचं मांस साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास भरतं. म्हणजे दहा किलोचं पोतं वर चढवलं तर पानात किलोभर पडणार. बाकी चुनखडीचं ओझं. पण तेच ओझं इथे भांड्याचं, झाकणाचं आणि शीतपेटीचं काम करतं. रोजच्या जेवणाला हा व्यवहार परवडणार नाही, हे मान्य. कालव घाटावर रोजचं होऊ नये असंच मला वाटतं. वर्षातून काही वेळा, चार माणसांत वाटून खाण्याचा तो जिन्नस आहे. अख्खी कालवं मिळवायची कुठून, हा प्रश्न उरतो. चिखलातल्या गठ्ठ्यांची मोठी कालवं सुटी करता येतात, तीच मागावीत. आणखी चांगला मार्ग संवर्धनाचा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरिनला १९७०च्या दशकात खाद्य कालवांच्या शेतीचं तंत्र बसवलं. महाराष्ट्रात कांदळवन कक्षाने सिंधुदुर्गातल्या खाड्यांत महिला बचत गटांबरोबर कालवे पालन आणि शिंदाणे पालन सुरू केलं, आणि पुढे शासनाच्या कांदळवन उपजीविका योजनेतही कालवे पालनाला जागा मिळाली. दोरीला टांगलेलं किंवा जाळीत वाढवलेलं कालव खडकापासून ओरबाडावं लागत नाही, त्याला बाहेरून खाद्य घालावं लागत नाही, आणि ते अख्खं, एकेक हाती येतं. घाटावरच्या गिऱ्हाइकाने अख्ख्या कालवांची मागणी केली, तर ती या शेतीच्या बाजूने पडेल.

आता तिसरा आक्षेप, सगळ्यांत मोठ्या आवाजातला. नाशिक ही वाइनची राजधानी. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २०१३ पासून नाशिकच्या परिसरात शांदोंची फसफसती वाइन तयार होऊ लागली, आणि शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ ही नावं आता इथल्या शेतकऱ्याच्याही तोंडी आहेत. फ्रान्समध्ये अशा वाइनबरोबर कालव कच्चं, लिंबाच्या थेंबासकट खातात. मग जिवंत कालव इतक्या कष्टाने वर आणून ते शिजवायचं म्हणजे सोनं वितळवून पितळ करणं नव्हे काय? याचं उत्तर जिभेकडे नाही, पाण्याकडे आहे. कालव पाणी गाळून जगतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला दीडशे लिटरहून अधिक पाणी गाळू शकतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं: शेवाळाचं पोषण, तसेच सांडपाण्यातले जंतू. युरोपात कालवांच्या खाड्यांची पाण्यातल्या जंतूंच्या मोजणीवरून अ, ब, क अशी प्रतवारी होते, आणि गरज असेल तिथे कालवं विक्रीआधी स्वच्छ केलेल्या समुद्रपाण्यात ठेवून शुद्ध करतात. इतकं करूनही जिवाणू बऱ्यापैकी निघतात, विषाणू तेवढे निघत नाहीत. शिवाय व्हिब्रिओ नावाचे जिवाणू सांडपाण्याशिवायही उबदार मचूळ पाण्यात आपोआप वाढतात, आणि यकृताच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतात. आपल्या खाड्या बारा महिने उबदार असतात. थंड अटलांटिकची रीत उचलून इथे आणायची आणि तिच्यामागची तपासणीची यंत्रणा मात्र तिथेच ठेवायची, याला रसिकता म्हणता येणार नाही.

किंचित वाफवलं की झालं, असंही काहीजण म्हणतात. त्यांनी १९८८ सालचं शांघाय आठवावं. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिथे हिपॅटायटिस एची साथ पसरली आणि सुमारे तीन लाख माणसं आजारी पडली. कारण ठरल्या कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या शिंपल्या. शिंपला उघडला म्हणजे आतलं मांस शिजलं, असा समज तिथे महाग पडला. शिंपला मिटून धरणारा स्नायू ढिला पडायला लागणारी उष्णता विषाणू मरायला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा खूप कमी असते. आतल्या मांसाचं तापमान ९० अंशांवर दीड मिनिट टिकलं पाहिजे, असं प्रमाण पुढे युरोपात मान्य झालं. कोकणातल्या स्वयंपाकघरात कालव कच्चं खात नाहीत, याकडे मी त्यामुळे मागासलेपणा म्हणून पाहत नाही. उबदार खाडीच्या काठी राहणाऱ्यांना जे करणं योग्य तेच तिथे होत आलं आहे, एवढंच मी म्हणेन.

अग्नीने सगळं निवारतं असंही मात्र नाही, आणि चौथा आक्षेप याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. जिवाणू-विषाणू शिजवण्याने मरतात, धातू मरत नाहीत. कालव जस्त, तांबं, कॅडमियम अंगात साठवतं. याच पालघर किनाऱ्यावर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली, हा अलीकडचाच इतिहास आहे. म्हणून कालवं घेताना नुसतं "ताजी आहेत का?" हे विचारून भागत नाही, "कुठल्या खाडीची?" हेही विचारायला हवं. उत्तर कारखान्यांच्या नाल्याशेजारचं आलं तर पोतं परत करावं, मग कालवं कितीही टपोरी असोत. सोललेल्या गोळ्यांच्या ढिगात तीन खाड्यांचा माल एकत्र झालेला असू शकतो. अख्ख्या कालवांच्या पोत्याचा उगम विचारणं आणि सांगणं दोन्ही सोपं असतं. बंद शिंपल्याच्या बाजूने हे आणखी एक कारण.

आता परतीचा रस्ता, म्हणजे पालघरपासून वर नाशिकच्या स्वयंपाकघरापर्यंत. कालवं गोड्या पाण्यात बुडवून नेऊ नयेत, हवाबंद डब्यातही नाही. दोन्हींत ती मरतात. समुद्राच्या पाण्याने भिजवलेलं गोणपाट खालीवर, खोलगट शिंपला खालच्या बाजूला, म्हणजे आतलं पाणी सांडत नाही. बर्फ द्यायचा तर पिशवीत बांधून, वितळलेलं पाणी कालवांवर पडणार नाही असा. शक्य असेल तर पहाटे निघावं. दुपारच्या उन्हात जव्हारपर्यंतचा चढ हा या प्रवासातला सर्वांत वाईट भाग आहे. घरी आल्यावर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ओल्या फडक्याखाली ठेवावीत आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी शिजवावीत. शिजवण्याआधी प्रत्येक शिंपला नळाखाली ताठ ब्रशने घासावा, कारण त्यावरचा चिखल पुढे रसात उतरतो. मग टिचकीची परीक्षा. तुटलेली, उघडी राहिलेली, वास येणारी कालवं बाजूला.

कच्चं कालव सुरीने उघडणं हे सरावाचं आणि हात कापून घेण्याचं काम आहे. शिजवायचंच असेल तर त्या कसरतीची गरज नाही. रुंद पातेल्यात बोटभर पाणी उकळत ठेवावं, त्यात कालवं एका थरात मांडून झाकण लावावं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. फरक लहान आहे, तरी एखादं मिनिट वाढवायला हरकत नाही. शिंपले फटीएवढे किलकिले होतात, तिथून पुढे पाच मिनिटं वाफ चालू ठेवावी. जे मुळीच उघडत नाही ते टाकावं. उघडलेल्यांत सुरीचं टोक घालून गोळा सहज सुटतो. पातेल्यात उरलेलं पाणी फेकू नये. कालवाची खरी चव त्यात उतरलेली असते. ते निवू द्यावं, गाळ बसला की वरचं मलमलीतून गाळून घ्यावं.

शिजवलं की कालव रबरासारखं होतं आणि मसाल्यात त्याची चव हरवते, हा शेवटचा आक्षेप. तो पद्धतीवरचा आहे, शिजवण्यावरचा नाही. कच्चे गोळे मसाल्यात टाकून मसाला शिजेपर्यंत ढवळत राहिलं तर ते आवळणारच. क्रम उलटा करावा. तेलात कांदा गुलाबी करून आलं-लसूण-हिरव्या मिरचीचं वाटण, हळद आणि बेताचं तिखट घालावं, गाळलेलं पाणी ओतून ते दाट होईपर्यंत आटवावं, दोन आमसुलं टाकावीत, आणि सगळं पूर्ण झाल्यावर शेवटी वाफवलेले गोळे घालून दोनच मिनिटं परतावं. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखून, कारण त्या पाण्यात खाडीचं मीठ आधीच असतं. खानदेशी वळणाचा काळा मसाला नाशिकच्या मटणाला शोभतो, इथे तो सगळं झाकून टाकतो. विरळणीत काढलेली कच्ची आंबट द्राक्षं आमसुलाऐवजी वापरण्याचा मोह नाशिककराला होईल, पण खाण्याच्या द्राक्षबागेत त्या घडांवर औषधांची फवारणी झालेली असते, आमसूलच बरं. कोरड्या पांढऱ्या वाइनला मात्र इथे जागा आहे. वाफेच्या पाण्यात पाव पेला घातला तरी चालतो, आणि कालवांच्या या सुक्याबरोबर गार करून प्यायला ती उत्तम. आमसुलाचा आंबटपणा आणि शेनिन ब्लाँचा आंबटपणा एकमेकांना मारत नाहीत, हे खाऊन पाहण्यासारखं आहे.

राहिला ऋतू. पावसाळ्यात खाडी गोडावते तो या कालवांच्या प्रजननाचा काळ. त्यानंतर ती बारीक, पाणचट होतात. त्याच दिवसांत सांडपाणीही खाड्यांत जास्त उतरतं. श्रावण पाळणाऱ्या घरांचं या वेळापत्रकाशी आपोआप जुळतं. न पाळणाऱ्यांनीही दिवाळीपर्यंत थांबावं. पुढे थंडीत पाणी खारावतं, कालवं भरतात, आणि घाटावरची हवाही त्यांना वर आणायला अनुकूल होते. त्या चार महिन्यांत एखाद्या उधाणाच्या तिथीला धरून त्र्यंबकच्या वाटेने उतरावं, खाडीचं नाव विचारावं, सुटी, अख्खी कालवं मागावीत आणि अख्खीच वर आणावीत. किनाऱ्यावर जेवायचं असेल तर तिथल्या बाईने सकाळी फोडलेल्या वाट्याला तोड नाही, तो घ्यावा आणि तिथेच संपवावा. घाट चढवायचा असेल तेव्हाच तिच्याकडे न फोडलेली कालवं मागायची, आणि तिच्या वाट्यापेक्षा जास्त पैसे मोजायचे. शिंपला फोडण्याचे तिचे कष्ट वाचतात, हे खरं. पण निवडून, सुटी करून, जिवंत माल देण्याचं काम त्याहून अवघड आहे, आणि ते तिने का करावं याचं उत्तर गिऱ्हाइकाच्या खिशातूनच यायला हवं.